क्लेरिकचे दोन हात आणि लटकलेली टर्न : माझा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर स्पेल (मंत्र) टाकणारं पात्र, करायला घेतलेल्या कोणालाही मी सगळ्यात आधी एकच विचारते: तुझ्या दोन्ही हातांत काय आहे? डोमेन (देवाचं क्षेत्र) कुठलं, देव कुठला, विस्डम (शहाणपणाचा आकडा) किती, ते सगळं नंतर. माझं कॅरेक्टर याच प्रश्नावर अडकलं होतं, आणि तेही मी तो आधीच विचारून ठेवलेला असताना. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे. रविवारी दुपारी, नौपाड्यात मैत्रिणीच्या घरी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निर्णय देणारा, तिचा मोठा भाऊ, आम्ही सगळेच त्याला दादा म्हणतो. मी कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येते.

शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांचा कागद, बनवणं सोपं गेलं. पॉइंट बाय, म्हणजे गुण खर्चून पात्राच्या सहा क्षमता ठरवायच्या पद्धतीत, २७ गुण मिळतात. १३ चा आकडा घ्यायला ५ गुण लागतात, १४ ला ७ आणि १५ ला एकदम ९, म्हणून १५ एकच घ्यावा असं माझं मत आहे. मी विस्डम १५, स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन १४, करिश्मा १२ घेतला आणि बाकीचे दोन ८ वर सोडले. हिल ड्वार्फ वंशाची असल्यामुळे विस्डम आणि कॉन्स्टिट्यूशन १६ झाले. लाइफ डोमेनमुळे चेनमेल (कड्यांचं चिलखत) घालता आलं, ढाल धरून आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड तो आकडा) १८, पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (जीव) १२. ड्वार्फला वॉरहॅमर चालतो. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह. कागदावर बाई एकदम भक्कम दिसत होती.

घोळ हातांचा होता. प्रत्येक स्पेलपुढे व्ही, एस, एम अशी अक्षरं असतात. व्ही म्हणजे तोंडाने म्हणायचं, एस म्हणजे हातवारे, एम म्हणजे साहित्य. हातवाऱ्यांना एक हात मोकळा लागतो. क्लेरिकचं देवचिन्ह किंमत नसलेल्या साहित्याच्या जागी चालतं आणि ते ढालीवर असलं तरी चालतं. साहित्य धरणाऱ्या हातानेच हातवारे करायला परवानगी आहे. म्हणजे ब्लेससारखा स्पेल, ज्याला तिन्ही लागतात, तो ढालीच्या हाताने होऊन जातो. पण जखमा भरणाऱ्या क्युअर वूंड्सला फक्त व्ही आणि एस आहे, साहित्य नाहीच. मग चिन्हाचा काही उपयोग नाही आणि हात खरोखर रिकामा हवा. कमी गोष्टी मागणारा स्पेल जास्त अडवतो, हे पहिल्यांदा वाचताना कोणाच्याही लक्षात येत नाही. सेक्रेड फ्लेम आणि गाइडिंग बोल्टचंही तेच. क्लेरिकच्या रोजच्या वापरातले निम्मे स्पेल यातच येतात.

मी हे वाचलं होतं, म्हणून शीट देतानाच विचारलं, "दादा, एका हातात हातोडा, दुसऱ्यात ढाल. क्युअर वूंड्स टाकायचा तर तू काय धरणार?" तो म्हणाला, "खेळताना बघू गं." पहिल्या सेशनला खुर्चीत बसल्या बसल्या परत विचारलं. शीटवर टिक मारून त्याने ते माझ्या हातात दिलं. "आता सुरू तर करू."

आणि व्हायचं तेच झालं. पवनचक्कीच्या तळघरात मारामारी सुरू झाली आणि आमचा विझर्ड (जादूगार) शून्य हिट पॉइंटवर गेला. शून्यावर गेलेल्याला आपल्या टर्नच्या सुरुवातीला डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकावा लागतो. १० किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश, तीन अपयशांवर कॅरेक्टर संपलं. त्याची दोन झाली होती. बार्डकडे (गाण्यातून जादू करणारं पात्र) हीलिंग वर्ड हा लांबून बरं करणारा स्पेल होता, म्हणूनच मी तो घेतला नव्हता, तसं आमचं आधीच ठरलं होतं. पण बार्डचे स्पेल टाकायचे दोन्ही स्लॉट संपले होते. उरले मी.

मी दार खांद्याने ढकललं, आत गेले, विझर्डजवळ पोचले आणि म्हणाले, क्युअर वूंड्स. दादा म्हणाला, हात?

एका टर्नमध्ये एखादी वस्तू हाताळायची एक हालचाल फुकट असते, ती माझी दार उघडण्यात गेली होती. हातोडा कमरेला अडकवायचा तर ती दुसरी हालचाल, तिला अख्खी ॲक्शन (टर्नमधलं एकच मुख्य काम) लागते, मग स्पेलला ॲक्शन उरत नाही. ढाल काढायलाही एक ॲक्शन. मी म्हटलं, कमरेला लावतच नाही, मूठ उघडते, पडू दे खाली. त्यावर बार्ड खेळणारा म्हणाला, टाकणं ही पण हालचालच झाली. दादाने पुस्तक उघडलं. मारामारीच्या प्रकरणात फुकटच्या हालचालींची एक चौकट आहे. त्यात तलवार उपसणं किंवा म्यान करणं आहे, दार उघडणं आहे, पडलेली कुऱ्हाड उचलणंसुद्धा आहे. कुऱ्हाड हातातून सोडणं मात्र नाही. दादाचं बोट त्या चौकटीवरून वरखाली फिरत राहिलं. काकूंनी चहा आणून ठेवला तो निवला. दोघं मोबाइल बघायला लागले. शेवटी दादाने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "आज इथेच थांबू. पुढच्या वेळी सांगतो."

माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्याने हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, नाही म्हटलं असतं तरी मी मान्य केलं असतं. डीएमने टेबलावर पटकन एक निर्णय द्यावा आणि पुस्तक नंतर सावकाश बघावं, हा तर साधा शिरस्ता आहे. पण एक माणूस दोन अपयशांवर अर्धवट मेलेला, माझी टर्न हवेत, आणि खेळ बंद!

पुढच्या रविवारी दादाला ऑफिसचं काम निघालं. नंतर त्यांच्याकडे पाहुणे आले. मग ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक लागला आणि नवी मुंबईकडच्या आम्हा सगळ्यांचंच येणं रद्द झालं. दरवेळी मी विचारायचे, निर्णय झाला का? दरवेळी उत्तर यायचं, अगं छोटी गोष्ट आहे, बसलो की होईल. विझर्डवाला खारघरचा, अगदी शांत मुलगा. त्याने एक दिवस मला फोन करून विचारलं, "ताई, मी जिवंत आहे असं धरू की दुसरं कॅरेक्टर करायला घेऊ?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. छोटी गोष्ट असेल तर छोट्या वेळात सांगा ना. नियम विचारणारा माणूस खेळ मोडत नसतो. खेळ थांबतो तो उत्तर लांबणीवर टाकल्याने. कोणी तुम्हाला "फार नियम काढते" म्हणालं तर मनावर घेऊ नका, विचारा.

मग मी कागद तयार करायला घेतला. या खेळाच्या मूळ नियमांचा संच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो, त्यामुळे पानं छापायला काहीच अडचण नाही. गोखले रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्या. माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तीन ठिकाणी विखुरलेलं आहे: देवचिन्ह ढालीवर चालतं हे सामानाच्या यादीत, फुकटची हालचाल मारामारीत, मोकळा हात स्पेल टाकण्याच्या प्रकरणात. एका जागी बसून वाचलं तर लगेच कळतं, टेबलावर पानं उलटत बसलं तर कधीच कळत नाही. तिन्ही परिच्छेदांवर पिवळा हायलायटर मारला. प्रकाशकांच्या अधिकृत उत्तरांचा एक संच आहे, सेज ॲडव्हाइस. त्यात तर नेमकं माझंच उदाहरण आहे, फक्त हातोड्याच्या जागी गदा. ढालीवर चिन्ह असलेली क्लेरिक 'एड' हा साहित्य लागणारा स्पेल ढालीच्या हाताने टाकू शकते, पण क्युअर वूंड्ससाठी तिला गदा किंवा ढाल बाजूला ठेवावी लागते. तेही जोडलं. खाली माझे सगळे स्पेल तीन ओळींत लिहिले: नुसत्या तोंडाने होणारे, ढालीच्या हाताने होणारे, रिकामा हात मागणारे. आणि शेवटी एकच प्रश्न, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा: हातातली वस्तू खाली सोडायला काही खर्च आहे का?

हा कागद मी सेशनच्या आधी दादाच्या घरी नेऊन दिला. त्याने उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला, खर्च नाही, उचलायला मात्र हालचाल लागेल. बस्स. इतक्या दिवसांचं घोडं त्या एका वाक्याने गंगेत न्हालं. मी ते वाक्य तिथेच कागदाखाली लिहून घेतलं.

त्या रविवारी माझ्या टर्नपासूनच खेळ सुरू झाला. हातोडा खाली सोडला, हात विझर्डच्या छातीवर ठेवला. डी८ वर दोनच पडले, पण विस्डमचे तीन आणि लाइफ डोमेनचे तीन मिळून आठ झाले. त्याचे हिट पॉइंटच आठ होते, म्हणजे गडी पुरता भरला. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला खरंच हायसं वाटलं.

आता काही गोष्टी आठवतील तशा. ढालीचा हट्ट नसेल तर हातोडा दोन्ही हातांनी धरा. नुकसान डी८ ऐवजी डी१० होतं, आणि स्पेलच्या वेळी एक हात काढून घेतला की झालं. आर्मर क्लास मात्र दोनने उतरतो. हीलिंग वर्ड कोणीतरी एकाने नाही, दोघांनी ठेवा. तो नुसत्या तोंडाने होतो, बोनस ॲक्शनला (मुख्य ॲक्शन न खर्चता) होतो आणि ६० फुटांवरून लागतो. फुकटची हालचाल टर्नच्या सुरुवातीलाच उधळू नका, दार दुसऱ्याला उघडू दे. देवचिन्ह सगळ्या साहित्याला पुरत नाही. ज्या साहित्याला किंमत लिहिलेली असते ते खरोखर विकत घ्यावं लागतं. मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफायला ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात, ते आधीपासून जमवायला लागा.

आणि हो, पुस्तक कुठलं ते पहिल्याच दिवशी ठरवा. २०२४ च्या पुस्तकात क्युअर वूंड्स एका ऐवजी दोन डी८ भरतो, डोमेन तिसऱ्या लेव्हलला मिळतं आणि विस्डमची वाढ वंशाऐवजी पार्श्वभूमीवरून येते. अर्धं एकातून, अर्धं दुसऱ्यातून घेतलेली शीट कोणाच्याच नियमात बसत नाही.

आम्ही सध्या तिसऱ्या लेव्हलला आहोत. चौथीला विस्डम १६ चा १८ कर, असं मला सगळे सांगतात. मी त्याऐवजी वॉर कास्टर हा फीट, म्हणजे खास कौशल्य, घेणार आहे. तो एसआरडी ५.१ मध्ये नाही, पुस्तकातच बघावा लागतो. त्याने दोन्ही हातांत शस्त्र आणि ढाल असतानाही हातवारे करता येतात. शिवाय पाचव्या लेव्हलला स्पिरिट गार्डियन्स हा स्पेल आला की तो चालू ठेवायला एकाग्रता टिकवायची असते, मार बसला की १० किंवा निम्मं नुकसान, जे जास्त असेल, त्याविरुद्ध डी२० चा सेव्ह टाकायचा असतो. वॉर कास्टर असला की तिथे दोन डी२० टाकून मोठा आकडा धरता येतो. पुढे मागे प्रश्न नको म्हणून दादाला हे आत्ताच विचारून ठेवलंय. या वेळी त्याने त्याच दिवशी उत्तर दिलं.