तुम्ही विचारलंत म्हणून: ओढा खोल करून घ्यायचा का?

सिन्नर, चांदवड, येवला, नाशिकच्या पूर्वेकडच्या कुठल्याही गावात हा प्रश्न येतोच: "जेसीबी लावून ओढा खोल करून घेऊ का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, आधी खोदू नका. आधी ओढ्याच्या माथ्यावर, जिथून पाणी येतं त्या डोंगरउतारावर जा.

आपल्याकडे खाली बेसाल्ट. वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली काळा पाषाण. विहिरीला पाणी येतं ते मुरुमातून आणि भेगांतून. ओढ्याचा तळ मुरूम फोडून पाषाणाला भिडवला की काठच्या मुरुमातलं पाणी ओढ्यात उतरतं, द्राक्षबागेतल्या निचऱ्याच्या चरासारखं. विहिरी लवकर उघड्या पडतात. शिवाय खोदाईच्या वरच्या टोकाला पायरी तयार होते. पाणी तिथून आदळतं, तळ कुरतडतं आणि घळ दर पावसाळ्यात वर सरकत जाते.

एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर, १० हजार लिटरचे ५० टँकर. हल्ली एवढा पाऊस कधी कधी तासा-दोन तासांत कोसळतो. त्याचा वेग वरच मोडायला हवा. डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर, आणि खालच्या लहान ओहोळांत अनगड दगडी बांध, म्हणजे न घडवलेले दगड नुसते रचून केलेले.

बांध पाऊण मीटरपेक्षा उंच नको. दोन बांधांतलं अंतर उतारावर ठरतं: खालच्याचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत यावा. १०० मीटरला ५ मीटर उतार असेल तर पाऊण मीटरचे बांध १५ मीटरवर येतात. पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, नजरेवर जाऊ नका. पाया ३० सेंटिमीटर खोल, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर आत. बांधाच्या खालच्या अंगाचा उतार एकास तीन, म्हणजे एक उंचीला तीन लांबी, मोठे दगड तिकडेच. भरावात माती अजिबात नको.

बहुतेक बांध मधून फुटत नाहीत, बगलेतून फुटतात. माथा सपाट ठेवला की पाणी काठ कापून निघून जातं. म्हणून मधला भाग टोकांपेक्षा २५-३० सेंटिमीटर खाली ठेवा, तोच सांडवा. पाणी पडतं तिथे दगड अंथरा, नाहीतर पायथाच उखडतो. बांधामागे साचलेला गाळ काढू नका. त्यानेच तळ वर येतो, गवत धरतं. काठावर निर्गुडीची छाटकलमं आणि वाळा लावा, दोन वर्षं चराई बंद ठेवा.

खोलीकरण सर्वस्वी वाईट नाही. जुन्या सिमेंट बंधाऱ्यामागे गाळ भरला असेल तर जरूर काढा, पण मुरूम दिसला की मशीन थांबवा. काढलेला गाळ शेतात न्या. काठावर ढीग घातलात तर तो पहिल्याच पुरात परत ओढ्यात येईल.

आणि पहिला मोठा पाऊस झाला की प्रत्येक बांध चालत बघून या. निसटलेला दगड त्याच आठवड्यात बसवा.