हॉलमधला वजनकाटा

गेले अकरा महिने आमच्या बाथरूममधला वजनकाटा हॉलच्या मधोमध पडलेला होता आणि घरातली जी वस्तू हाताला लागेल ती छातीशी धरून मी त्यावर चढायचे, आकडा बघायचा, वस्तू खाली ठेवायची, परत एकटीनं चढायचं आणि मग वजाबाकी. बिडाची कढई साडेतीन किलो. शिलाई मशीन अकरा किलो. लेकीनं एकदा व्हिडिओ कॉलवर हा प्रकार बघितला आणि म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

बरी आहे गं. घर विकून कायमचं आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरासारख्या गाडीत, राहायला निघालोय, त्याची तयारी चाललीय, बाकी काही नाही.

पहिले दोन महिने आम्हीही जागेच्याच हिशोबात होतो. कपाटं किती, कप्पे किती, पलंगाखाली काय मावेल, आणि मग कोणीतरी सांगितलं म्हणून त्या हवा काढून टाकायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या, व्हॅक्यूम क्लीनर लावला की जाडजूड रजई पुठ्ठ्यासारखी चपटी होते. काय आनंद झाला होता मला! सहा रजया एका कप्प्यात! नवरा शांतपणे म्हणाला, हवा गेली, पण रजईचं वजन तेवढंच आहे ना. मला राग आला, पण तो बरोबर होता, आणि त्याच संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा गाडीच्या दाराजवळचं ते स्टिकर नीट वाचलं.

तर त्या स्टिकरची गोष्ट अशी असते की गाडी जास्तीत जास्त किती वजन पेलू शकते हे कंपनीनं ठरवून दिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन गेलं की उरतं ते आपलं. आमच्या गाडीत उरत होते 680 किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्यात आम्ही दोघंही धरलेलो, म्हणजे 135 गेले. पाण्याची टाकी 180 लिटरची, आणि पाणी म्हणजे लिटरला एक किलो, त्यात काही सूट नाही, म्हणजे आणखी 180 गेले. राहिले 365 किलो. आणि त्या 365 मध्ये कपडे, भांडी, हत्यारं, लॅपटॉप, औषधं, खुर्च्या, पाण्याचे पाइप, सगळं आलं, शिवाय मागाहून बसवून घेतलेली प्रत्येक गोष्टही त्यातूनच वजा होते, मग ती सावलीची कनात असो नाहीतर जास्तीची बॅटरी. (बॅटरीवरून आठवलं, 100 अँपिअर-अवरची जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी जवळपास तीस किलोची असते आणि तेवढीच लिथियमची बारा-तेरा किलोची. महाग पडते हे खरं, पण आम्ही दोन बदलल्या आणि तीसेक किलो परत मिळवले.)

जास्त वजन घातलं तर काय होतं? गाडी चालते की! म्हणूनच लोक घालतात. पण टायर गरम होतात आणि भर रस्त्यात फुटू शकतात, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, सस्पेन्शनची वाट लागते. हे कळल्यावर माझी झोप उडाली, कारण तोपर्यंत मी पुस्तकांना हात लावलेला नव्हता.

पुस्तकं बावीस खोकी होती. एक भरलेलं खोकं काट्यावर ठेवलं, 18 किलो. बावीस गुणिले अठरा म्हणजे 396. म्हणजे नुसती पुस्तकं घेऊन, अंगावरच्या कपड्यांत, बिन भांड्यांचे निघालो असतो तरी वजन जास्तच झालं असतं. मी खूप हसले आणि मग थोडी रडले, खोटं कशाला सांगू. शेवटी एक खोकं ठेवलं. कोणती पुस्तकं ठेवायची हे ठरवायला दीड महिना लागला आणि त्यात माझ्या लक्षात आलं की कपाटात दर्शनी लावलेली अर्धी पुस्तकं मी वाचलेलीच नव्हती, मी ती वाचणारी बाई आहे असं लोकांना दिसावं म्हणून ती तिथे होती. शिलाई मशीनचंही तेच, नऊ वर्षांत दोन उशांचे अभ्रे. त्या वस्तू देताना जीव तुटला तो त्या वस्तूंसाठी नव्हता, निवृत्तीनंतर मी शिवणकाम करणार होते ना, ती जी बाई होणार होते तिच्यासाठी होता.

कपड्यांवर मी फार लिहीत नाही, ते सोपं गेलं. सगळे हँगर उलटे टांगायचे, घातलेला कपडा परत ठेवताना सरळ टांगायचा, चार महिन्यांनी जे उलटे उरले ते गेले. संपलं.

विकायला काढल्यावर मात्र वेगळीच मजा. आमच्या जेवणाच्या टेबलाला लोक इतकी कमी किंमत सांगायला लागले की मी फोन ठेवून द्यायचे. मग वाचनात आलं, 1990 साली डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या तिघांचे याच विषयावरचे प्रयोग छापून आले होते, विद्यार्थ्यांपैकी काहींना साधे कॉफीचे मग देऊन टाकले आणि मग खरेदी-विक्री करायला लावली, तर ज्यांच्या हातात मग होता ते मागत होते ती किंमत, ज्यांच्याकडे नव्हता ते द्यायला तयार होते त्याच्या दुपटीच्या आसपास. आणि तो कॉफीचा मग तर त्यांच्याकडे काही मिनिटंच होता! आमचं टेबल सव्वीस वर्षांचं. त्यानंतर मी पहिली बरी वाटलेली किंमत घेत गेले आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की मागे वळून बघायचं नाही असा नियम केला. तो दोनदा मोडला.

आणि मुलांना देऊ, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. आईचा काचेचा डिनर सेट मी तीस वर्षं लेकीसाठी जपला, वर्षातून दोनदा काढून पुसायचे, आणि तिला विचारलं तर म्हणाली, "आई, मायक्रोवेव्हमध्ये चालतो का?" नाही चालत, सोनेरी कड आहे. "मग नको गं." दोन मिनिटांत विषय संपला. मला वाईट वाटायला हवं होतं पण खरं सांगू, हलकंच वाटलं, कारण मलाही तो कधी आवडला नव्हता.

फोटोंवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला. एकोणीस अल्बम, त्यातले बरेचसे त्या चिकट पानांचे, वरून पारदर्शक प्लास्टिक असतं ते. फोटोंसाठी याहून वाईट वस्तू शोधून सापडणार नाही, तो गोंद वर्षानुवर्षं फोटो पिवळे करत बसतो आणि ओढायला गेलं की फोटो फाटतो. दात साफ करायचा जो दोरा असतो ना, डेंटल फ्लॉस, तो फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवायचा, बहुतेक वेळा निघतो. मोबाइलनं फोटोचा फोटो काढायचा मोह झाला होता पण चकाकी येते, कडा वाकड्या येतात, म्हणून शेवटी स्कॅनर घेतला आणि 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केले, कागदपत्रांना 300 पुरतं. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 ला साधारण साडेआठ मेगापिक्सेलचा होतो, पुन्हा छापायला भरपूर.

एक चूक सांगते ती करू नका. पहिले शंभरेक फोटो मी फक्त पुढून स्कॅन केले आणि टाकायच्या ढिगात ठेवले. मग एक उलटा पडला आणि मागे आईचं अक्षर. "हा रुसलाय कारण बूट मिळाले नाहीत." पेन्सिलीनं लिहिलेलं. मी तो सगळा ढीग पुन्हा उपसला, आणि त्यानंतर प्रत्येक फोटोची पाठही स्कॅन केली. आता सगळ्याच्या तीन प्रती आहेत, एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक लेकीच्या घरी, कारण गाडीच चोरीला गेली किंवा जळली तर गाडीतल्या दोन्ही प्रती एकदमच जाणार. मूळ फोटो पन्नास ठेवले पण तेही तिच्याकडेच, उन्हात बंद उभ्या गाडीत फोटो, मेणबत्त्या, औषधं, काहीच धड राहत नाही.

स्टोरेजची खोली भाड्यानं घ्यायची का, यावर आमचं भांडण झालं. नवरा म्हणाला एक वर्ष घेऊ, जमलं नाही तर परत यायला काहीतरी हवं. मी म्हटलं वर्षभराच्या भाड्यात तो सोफा नवा येईल. घेतली, सात महिन्यांत एकदाही कुलूप उघडलं नाही, सोडली. त्याची बाजू म्हणून सांगते, त्या खोलीमुळे त्याला घर विकायचं धाडस झालं, तेव्हा अगदीच वाया गेले म्हणणार नाही.

मग राहून बघायची तालीम. गाडीच्या आतल्या मापाचा आयत हॉलमध्ये चिकटपट्टीनं आखला आणि पंधरा दिवस त्यातच राहिलो, त्यातलंच सामान वापरलं. चार ताटं पुरतात. दोघांना एकच टेबल पुरत नाही, दोघंही एकाच वेळी फोनवर मोठ्यानं बोलत असू तर लग्न टिकणार नाही हेही कळलं, म्हणून हेडफोन घेतले. त्यांचं वजन मोजलं नाही.

शेवटचा वाद बाबांच्या हत्यारपेटीवर. रंधा, पक्कड, पाने, हातकरवत, आणि एक व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून धरायचा शिकंजा, जो एकटाच चौदा किलो. पेटी एकूण 41. नवरा म्हणाला यातलं अर्धं आपल्याला वापरताही येत नाही. खरंय. पण मी पुस्तकांची एकवीस खोकी दिली होती आणि आता मला कोणी काही बोलायचं नाही, असं मी जरा मोठ्यानं म्हणाले. पेटी गाडीच्या मागच्या डिकीत गेली.

पाणी भरून, सगळं सामान घालून, दोघं बसून मालवाहू गाड्यांच्या वजनकाट्यावर गेलो. एकूण वजन मर्यादेपेक्षा 60 किलो कमी! मी टाळ्या वाजवल्या. मग पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांची जोडी जोडणारा दांडा) वेगवेगळा मोजला तर मागचा 25 किलोनं जास्त. हे आम्हाला माहीतच नव्हतं, की एकूण बरोबर असूनही एक अ‍ॅक्सल चुकू शकतो. तिथला माणूस म्हणाला, मागच्या चाकांच्याही मागे काही जड ठेवलंय का? नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

म्हणजे बघा, सी-सॉ सारखं आहे ते. आमच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 4 मीटर आणि पेटी मागच्या चाकांच्या 1 मीटर मागे, तर 41 किलोची पेटी मागच्या अ‍ॅक्सलवर 51 किलोचा भार टाकते आणि पुढचा 10 किलोनं हलका करते. तीच पेटी दोन्ही अ‍ॅक्सलच्या बरोब्बर मध्ये ठेवली तर दोघांवर साडेवीस-साडेवीस. मागचे 30 किलो तिथेच कमी झाले.

मध्ये म्हणजे जेवायच्या टेबलाखाली, नवऱ्याच्या बाजूला. तिथे दुसरीकडे जागाच नाही. काल रात्री बसताना त्याचा गुडघा तिच्यावर आपटला, "तुझे बाबा अजून लाथा मारतायत," म्हणाला, आणि पाय जरा तिरके करून जेवायला लागला.