तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पानं पिवळी पडताहेत, काय घालू?’

प्रश्न नेहमी याच शब्दांत येतो. ‘ताई, मिरचीची रोपं पिवळी पडताहेत, काय घालू?’ सोबत फोटो असतो, आणि तो बहुतेक वेळा घरात रोपं वाढवायच्या गुलाबी-जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे ग्रो लाइटखाली, काढलेला. त्या उजेडात हिरवं काळपट दिसतं, पिवळं कसंही दिसतं, आणि मी काही ज्योतिषी नाही. रोप खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा, असं मी कळवते. त्यावर उलट टपाली येतं : ‘बघते, पण तोवर काय घालू?’

आजवर दोन ओळींत उत्तर देऊन मी सुटका करून घेत आले. आज सगळं एकदाचं सांगते.

गोम त्या ‘घालू’मध्येच आहे. रोप उपाशी आहे हे तुम्ही विचारण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं. घरात, दिव्याखाली, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पेल्यात वाढणारं तीन आठवड्यांचं रोप पिवळं पडतं तेव्हा त्याला खायला कमी पडलंय, असं मला फार थोड्या वेळा आढळलंय. बहुतेकदा मुळांना श्वास घेता येत नसतो, नाहीतर पाण्याचा सामू (पीएच) चढलेला असतो, नाहीतर दिवा इतका खाली टांगलेला असतो की शेंड्याची पानं पांढुरकी पडतात. आणि काही वेळा तर काहीच झालेलं नसतं. जमिनीतून वर येताना जी दोन साधी, गुळगुळीत पानं निघतात ती दलपत्रं. खरी पानं कामाला लागली की ती पिवळी पडून गळतात. या दलपत्रांसाठी मला आलेले रात्रीचे फोन मोजले तर एक वही भरेल.

पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा, हे तुम्ही सगळीकडे वाचलं असेलच. नत्र आणि मॅग्नेशिअम रोपाला जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देता येतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. नत्र कमी पडलं तर अख्खं पान फिकटतं, मॅग्नेशिअम कमी पडलं तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह एकदा पानात बसलं की सहसा तिथून हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की केवडा, म्हणजे पिवळेपणा, पडतो तो शेंड्याच्या नव्या पानांवर. इतकं सोपं आहे. मला हे तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ असूनच मी एकदा अठरातली सोळा रोपं मारली.

मावशीने एका मिरचीचं बी कित्येक वर्षं स्वतः धरून ठेवलं होतं. दरवर्षी चांगलं फळ झाडावर लाल होऊ द्यायचं, सुकवायचं, बी काढायचं. तिचे गुडघे गेले तसं तिने उरलेलं सगळं बी एका पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. ‘तू करतेस ना ते दिव्याखाली, मग कर,’ एवढंच म्हणाली. बी जुनं होतं. उगवली अठरा.

तिसऱ्या आठवड्यात खालची पानं फिकी दिसायला लागली. मी म्हटलं नत्र. १९:१९:१९ चं, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या खताचं, पातळ द्रावण दिलं. दोन दिवसांनी शिरांमधला भाग पिवळा वाटला, म्हणून मॅग्नेशिअम सल्फेट. त्यानंतर शेंडाही फिकटला, तेव्हा चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल असं लोह. सहा दिवसांत तीन औषधं, आणि प्रत्येक औषध पाण्यातून. माझ्याकडे तेव्हाची वही आहे. तिच्यात रोज एकच क्रियापद आहे : दिलं, दिलं, दिलं. पेला उचलून तो किती जड लागतो ते पाहिलं, असं एकदाही लिहिलेलं नाही.

पानं खाली झुकली होती, पण मलूल नव्हती. देठापासून वाकलेली, जड, हाताला भरीव लागणारी. तहानलेलं पान पातळ पडून लोंबतं. हे तसं नव्हतं. हा फरक मी दुसऱ्यांना समजावून सांगायचे. स्वतःच्या टेबलाशी उभी राहून मी ‘अजून अशक्तपणा आहे’ असं म्हटलं आणि पुन्हा पाणी घातलं. सतत ओल्या राहणाऱ्या मातीवर येतात ती बारीक काळी चिलटं उडत होती, तीही दिसत होती. मी पिवळे चिकट सापळे लावले आणि स्वतःवर खूश झाले.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. ‘कशी आहेत गं?’

‘छान आहेत,’ मी म्हटलं.

तुम्ही विचारता तेव्हा मी जी तिरसट उत्तरं देते, त्यातली निम्मी त्या ‘छान आहेत’वरची असतात.

दुसऱ्या दिवशी एक पेला हातातून सुटला आणि गोळा बाहेर आला. मुळं पांढरी हवीत, ती तपकिरी होती. बोटांनी धरली तर वरचं साल निघून आत दोरा उरत होता, आणि साचलेल्या डबक्याचा वास येत होता. पेल्यांना भोकं होती, पण मी ते दिसायला बरं म्हणून बिनभोकाच्या बाहेरच्या कुंड्यांत बसवले होते, आणि त्या कुंड्यांच्या तळाशी दोन बोटं पाणी होतं. रोपांभोवती अन्न भरपूर होतं, ते घ्यायला मूळच शिल्लक नव्हतं. मी जितकं ‘देत’ होते तितकी ती बुडत होती, आणि प्रत्येक औषधाचे क्षार त्याच साचलेल्या पाण्यात जमत होते.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो शब्द मला लहानपणापासून माहीत होता. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. तो शब्द शेतापुरता आहे, पेल्याला लागू नाही, असं मी का धरून चालले होते कोण जाणे.

अठरातली दोन जगली. मावशीला मी खरं सांगितलं, पण दोन महिन्यांनी, आणि आकडा कमी करून.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पाणी कमी घालायचं आणि गप्प बसायचं, एवढंच ना? मीही त्यानंतर बराच काळ तसंच सांगत सुटले. कोणी काही विचारलं की ‘थांबा, पेला हलका होऊ द्या’. मग एकीने मला विचारलं, तिला मी थांबवलं, आणि तिची रोपं खरोखरच उपाशी निघाली. नुसतं कोकोपीट, त्यात खत शून्य, रोपं पाच आठवड्यांची. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतंच, म्हणून त्यात खत घातलंय का, हे मला तिला विचारायला हवं होतं. ती रोपं मग खुरटीच राहिली. झटपट फुलावर येणाऱ्या जातींना तर असा गेलेला आठवडा भरून काढायला वेळच नसतो. तेव्हा ‘घालू नका’ हेही माझं एक औषधच झालं होतं, न बघता दिलेलं.

त्यामुळे आता मी प्रश्नावर प्रश्न विचारते आणि लोक चिडतात. कोरडा पेला हातात कसा लागतो आणि आत्ता कसा लागतोय? पाणी कुठून निघून जातं? पिवळं वर की खाली? पानाच्या पाठीवर ठिपके आहेत का? कारण लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, असेल तर ही सगळी चर्चा फुकट. विहिरीचं जड पाणी आहे का? कोकोपीटमध्ये सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. तो सातच्या वर गेला की लोह तिथेच असून मुळांना मिळत नाही, मग वरून कितीही ओता.

आणि तरीही ठरत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. १८४०च्या दशकात युसेब ग्रिस या फ्रेंच माणसाने फिक्या पानांवर लोहाच्या क्षाराचं द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवलं होतं. तसंच अगदी पातळ द्रावण शेंड्याच्या एकाच कोवळ्या फिक्या पानाच्या अर्ध्या भागाला लावा, अर्धा तसाच सोडा, आणि चार-पाच दिवस बघा. फरक पडला तर लोह. नाही पडला तर निदान बाकीची रोपं तुमच्या हातून वाचली. मात्र खालचं जुनं, पुरतं पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होईल याची वाट बघू नका, ते बहुधा होत नाही. नवं पान कसं येतंय ते बघा.

हे मला सहज जमतं असं समजू नका. त्या दोन रोपांच्या बियांची तिसरी पिढी आत्ता टेबलावर आहे. सकाळपासून एका रोपाचं वरचं पान शिरांमध्ये फिकं दिसतंय. पेला उचलला, हलका आहे. खालून मुळं पांढरी दिसताहेत. लोहाचं पाकीट मी खणात ठेवलं होतं, ते कधी बाहेर आलं मला आठवत नाही.