कुठं थांबलास?

स्मरणिकेच्या समितीने शाळेच्या आठवणी लिहायला सांगितलं आहे. आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, जूनमध्ये कौलांतून गळणारा सातवीचा वर्ग, गॅदरिंगच्या नाटकात ऐन वेळी सुटलेलं महाराजांचं धोतर, हे सगळं कुणीतरी माझ्याहून रंगवून लिहील. मी आपला हल्ली काय वाचतोय ते लिहितो. शाळेकडून घेतलेल्यांपैकी माझ्या रोजच्या वापरात राहिलं आहे ते हेच.

शनिवारी अर्धी शाळा असायची आणि शेवटचा तास मराठीच्या सरांचा. त्या तासाला एकेकाने उभं राहून वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. सरांची अट एकच. "गोष्ट सांगू नकोस, ती मला ठाऊक आहे. तात्पर्य तर नकोच. वाचताना कुठं थांबलास तेवढं सांग." थांबणं म्हणजे कंटाळून बंद करणं नव्हे. ज्या ओळीशी पुस्तक मांडीवर ठेवून जरा बाहेर बघावंसं वाटलं, ती जागा. वर्गातले हुशार लोक सवयीने शेवटच्या पानाचं सांगायचे. मग सर एवढंच विचारायचे, "का?" आणि हुशारी तिथंच संपायची.

पुढे मी कदंबमध्ये, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, कंडक्टर झालो. लोकांना वाटतं, या नोकरीत वाचन कसलं! उलट आहे. गाडी स्टँडवर लागल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ कंडक्टरचा स्वतःचा असतो. वेबिल लिहून झालं, सुटे पैसे मोजून पिशवीत टाकले की मी पुस्तक काढायचो. गाडीच्या फेऱ्यांवर वाचणाऱ्याला एक सवय लागते: कुठं थांबलो ते नीट लक्षात ठेवायचं, कारण सुटायची वेळ पुस्तकासाठी पुढे ढकलता येत नाही. निवृत्त झाल्यावर वेळ मुबलक आहे, तरी वाचतो तसाच, तुकड्यातुकड्यांनी.

या वर्षी पहिलं हातात घेतलं ते धर्मानंद कोसंबींचं आत्मचरित्र, 'निवेदन'. पालीचे एवढे मोठे पंडित आपल्या सांखवाळचे, हे शाळेत असल्यापासून ऐकून होतो. वाचलं मात्र आत्ता. वास्कोच्या फेरीत 'बिर्ला, बिर्ला' म्हणून ज्या स्टॉपवर मी आयुष्यभर ओरडलो, तो भाग याच गावचा. आमच्या फोंड्याकडच्या वेलिंगचा देव लक्ष्मीनृसिंहही मूळचा सांखवाळचाच. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळं मोडायला घेतली तेव्हा जुवारी नदी ओलांडून इकडे आला. म्हणजे तसं शेजारच्याच माणसाचं आत्मचरित्र.

1876 सालचा जन्म. शिक्षण अर्धवट सुटलेलं, प्रकृती नाजूक, लग्न लहानपणीच झालेलं. घरच्या माडांच्या बागेची, भाटाची, देखरेख करायची आणि मराठी पुस्तकं मिळतील तशी वाचायची. त्यातच मुलांच्या 'बालबोध' मासिकात बुद्धावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. मी थांबलो तो इथं. एवढी मोठी उडी आणि पाय टेकायला लहान मुलांचं मासिक! पुढे 1899 च्या अखेरीस हा माणूस घर सोडतो. पुण्याला जातो, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो, नेपाळात जातो, तिथून सिंहलद्वीपाला जाऊन पाली शिकतो आणि 1910 मध्ये थेट अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात दाखल होतो. प्रवासाची ही पानं भराभर उलटली जातात. मी मात्र सारखा मागे येत होतो. कारण घर सोडलं तेव्हा मागे बायको होती आणि तान्ही मुलगी. कोसंबी स्वतःला सूट देत नाहीत, हे खरं. पण त्या बायकोचं, बाळाबाईंचं, 'निवेदन' कुणी लिहिलं नाही, हेही तितकंच खरं. पुस्तक आवडलं का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो, आणि लगेच थोडा रागही येतो. सरांना हे उत्तर चाललं असतं.

मधल्या काळात दोनतीन पुस्तकं लवकर उरकली. महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' परत वाचलं. शास्त्रीबुवा आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे. त्यांच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड जिथं म्हणून मांडलेले दिसतात तिथं काचेआड नुसते शोभेला असतात, हे माझं जुनं गाऱ्हाणं. दामोदर मावजोंची कोंकणी 'कार्मेलीन' वाचली, कुवेतला आया म्हणून गेलेल्या बाईची. गोव्याची भाषा मराठी की कोंकणी या भाषावादाच्या दिवसांत मराठीच्या बाजूचा माणूस कोंकणी कादंबरी उघडपणे हातात धरत नसे, आणि तिकडच्या बाजूलाही तसंच. घरात कोंकणी बोलायची, देवळात मराठी आरती म्हणायची आणि वाचताना एकच बाजू धरायची, हा हट्ट मला तेव्हाही कळला नव्हता. भाच्याने वाढदिवसाला यशस्वी माणसांच्या सवयींवरचं एक भाषांतरित पुस्तक दिलं. तिथं मी थांबलो तो सरांच्या अर्थाने नव्हे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्या पुस्तकाकडे येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण', ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी ओव्यांतलं पुराण. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आली की प्रत्येकाच्या भाषणात ही ओवी ठरलेली असायची:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कीं रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

ही ओवी म्हणायची, टाळ्या घ्यायच्या आणि पुस्तक मिटायचं. मिटायचं तरी कुठलं? उघडलंच नव्हतं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांपैकी आपल्याला मराठीचं कौतुक तेवढं पुरलं. इंग्लंडात जन्मलेला हा पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि 1616 मध्ये रायतूरच्या छापखान्यात त्याचा हा ग्रंथ छापला गेला. पहिलं पुराण, दुसरं पुराण असे दोन भाग. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. कान ज्ञानेश्वरीला सरावलेले असतील तर चार ओव्यांत सूर सापडतो.

त्यात माझा पाय अडकला तो अगदी सुरुवातीलाच. ग्रंथ का लिहिला ते सांगताना स्टीफन्स एक प्रसंग रचतो. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी एक ब्राह्मण त्याला विचारतो: आमची पूर्वीची पुराणं वाचायची तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं पुराण का करून देत नाही? मी पुस्तक खाली ठेवलं. धर्म बदलला होता. देव नदी ओलांडून आमच्या फोंडा महालात आले होते, त्याला जेमतेम एखाद-दुसरी पिढी झाली असेल. अलीकडे आम्ही देवासह आलेले, पलीकडे ते देवावाचून राहिलेले. आणि पलीकडच्याने काय मागितलं, तर संध्याकाळी बसून वाचायला, ऐकायला काहीतरी. प्रसंग घडलेला असो की कवीने रचलेला, मागणाऱ्याची भूक मला खोटी वाटत नाही. पुराण ऐकायची सवय लागलेल्या कानांना धर्मशिकवणीचे नुसते प्रश्नोत्तरांचे धडे पुरत नाहीत.

हे पुस्तक मनात वाचता येत नाही. ओवी तोंडाने म्हटल्याशिवाय हलत नाही. म्हणून मी मोठ्याने वाचायला लागलो आणि घरच्यांनी मला बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, पाठवलं. तिथं एक दिवस पात्रांव आला. पात्रांव म्हणजे माझ्या गाडीचा ड्रायव्हर, सासष्टीचा. नोकरी संपली तरी येणंजाणं आहे. गालिलातल्या लग्नाचा भाग मी वाचत होतो, द्राक्षारस संपतो आणि मरिया आपल्या मुलाला, येशूला, सांगते तो. बरेच शब्द मलाच अडत होते. मी टीप बघायला थांबलो तर पात्रांव म्हणाला, "फुडें कितें जाता तें हांव जाणां, तूं वाच." मग त्यानेच कोंकणीत पुढचं सांगितलं. सहा दगडी रांजण, पाण्याचं काय झालं आणि यजमान कसा गोंधळला, अगदी शेजारच्या वाड्यावरच्या लग्नात जेवून आल्यासारखं. मी परत ओवीकडे वळलो, तर अडलेले शब्द आपोआप सुटत गेले.

गंमत पुढेच आहे. पात्रांवला देवनागरी वाचता येत नाही. तो रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचणारा. हा ग्रंथ मुळात छापला गेला तो रोमी अक्षरांतच. आमच्याकडे आहे ती नंतर केलेली देवनागरी प्रत. म्हणजे 1616 सालची प्रत समोर ठेवली असती तर तो घडाघडा वाचत गेला असता आणि मराठीचा अभिमानी मी बघत बसलो असतो. पण त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज कुठं उरलेली नाही. मंगळूरला 1907 मध्ये निघालेली आवृत्ती मात्र रोमी लिपीतच आहे. ती बघायला मिळते का म्हणून आम्ही दोघं पणजीला जाणार आहोत, पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात. 1832 साली सुरू झालेलं ग्रंथालय आणि आमच्या स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी पात्रांव तिथं कधी गेलेला नाही. त्याला आतापासूनच काळजी, आत मोठ्याने वाचू देतील का.

शाळेच्या ग्रंथालयासाठी 'निवेदन' आणि 'आत्मपुराण' यांची एकेक प्रत या लेखाबरोबर पाठवतो आहे. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवा, ही विनंती. 'क्रिस्तपुराण' इतक्यात मागू नका. आम्ही अजून दुसऱ्या पुराणात आहोत, आणि पात्रांव रविवारीच येतो.