जतचा फोन सांगलीच्या पुरात बुडाला

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची पातळी 45 फूट. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक, सगळीकडे पाणी. आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय त्याच भागात, पहिल्या मजल्यावर. मशीनला पाणी लागलं नाही. पण सुरक्षेसाठी वीज बंद झाली, यूपीएसनं जेमतेम तासभर तग धरला आणि आमचं टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणारं यंत्र, बंद पडलं.

दुपारी जतच्या शाखाधिकाऱ्यांनी मला मोबाइलवर गाठलं. "सर, हितं लाइट आहे, नेट आहे, खाती पण दिसत्यात. फक्त फोन मुका झालाय बघा."

जत म्हणजे जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, दुष्काळी तालुका. तिथं पुराचा थेंब नव्हता, आणि तिथले फोन सांगलीच्या पुरानं बंद पाडले होते. विटा, तासगाव, कवठे महांकाळ, सगळीकडे हीच कथा. कारण आदल्या वर्षी आम्ही सगळ्या शाखांची जुनी छोटी एक्स्चेंज काढून एकच आयपी एक्स्चेंज मुख्य कार्यालयात बसवलं होतं. शाखेतला प्रत्येक फोन इंटरनेटवरून सांगलीला रजिस्टर व्हायचा. तीन आकडी नंबर फिरवला की कोणत्याही शाखेत बोलता यायचं, खर्च कमी झाला होता, सगळे खूश होते. बँकिंगचं सॉफ्टवेअर पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये, म्हणून ते चालू राहिलं. फोनचा जीव मात्र एकाच खोलीत ठेवलेला.

त्या दिवसांत सांगलीवाडीतून विट्याला लेकीकडे गेलेल्या एक आजी शाखेत आल्या. पासबुक आणि ठेवीची पावती दोन्ही पाण्यात गेलेली. पैसे मिळतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. दोन दिवस त्या पासबुकावरचा नंबर फिरवत होत्या, लागत नव्हता. शेवटी पावसात भिजत, रिक्षा करून आल्या. पैसे त्यांना मिळाले. पण विट्याच्या कॅशियरनं मला हे सांगितलं तेव्हापासून तो नंबर माझ्या डोक्यातून गेला नाही.

तो का लागला नव्हता, हे आधी शोधलं. पासबुकावर शाखेचा जुना लँडलाइन नंबर छापलेला होता. नवी व्यवस्था करताना आम्ही तो मुख्य कार्यालयाच्या नंबरवर कायमचा फॉरवर्ड केला होता. म्हणजे विट्यातल्या माणसानं विट्याच्या शाखेला केलेला फोन आधी सांगलीला जायचा आणि तिथून परत विट्याला यायचा. सांगली बंद, की विटा बंद.

पूर ओसरल्यावर संचालक मंडळापुढे फोनचा हा मार्ग आखून दाखवला. मंजुरी लगेच मिळाली. पूर सगळ्यांनीच पाहिला होता.

योजना साधी होती. प्रत्येक शाखेत एक छोटा गेटवे, म्हणजे लँडलाइन आणि इंटरनेटवरचे फोन जोडणारा डबा, बसवायचा. त्यात लँडलाइन थेट जोडायची आणि फोनला दोन पत्ते द्यायचे: पहिला सांगलीच्या एक्स्चेंजचा, दुसरा शाखेतल्या गेटवेचा. सांगली दिसेनाशी झाली की फोननं स्वतःहून गेटवेवर रजिस्टर व्हायचं. शाखेतल्या शाखेत बोलता यावं, बाहेर फोन करता यावा, बाहेरचा फोन आत यावा. सेवा देणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन पहिल्या शाखेत दोन तासांत बसवून गेला. सांगलीकडची लाइन बंद करून दाखवली, फोन गेटवेवर आला, सही घेतली.

दोनच आठवड्यांनी तासगाव रस्त्यावर खोदकामात जेसीबीनं फायबर तोडली आणि त्याच शाखेचा फोन पुन्हा मुका. मी तासगावला गेलो आणि तीन दिवस तिथंच राहिलो.

पहिली अडचण वेळेची. फोन ठरावीक काळानं एक्स्चेंजला 'मी आहे' असं कळवतो. आमच्या फोनवर तो काळ 3600 सेकंदांचा होता, म्हणजे पूर्ण तास. सांगली गेली तरी फोनच्या लेखी ती तासभर जिवंतच. या काळात कुणी नंबर फिरवला की कानात नुसती शांतता, आणि 32 सेकंदांनी कॉल तुटायचा. हे फोन ज्या पद्धतीनं एक्स्चेंजशी बोलतात त्या एसआयपीच्या नियमातच तेवढं थांबणं लिहिलेलं आहे. पण काउंटरवर माणूस उभा असताना 32 सेकंद कोण थांबतं? लोकांनी रिसीव्हर ठेवला आणि 'फोन बंद' म्हणून सोडून दिलं. तो काळ 120 सेकंदांवर आणला.

दुसरी अडचण दुसऱ्या सकाळी सापडली. शाखा बंद करताना शिपाई मामा नेमानं मेन स्विच काढायचे. सकाळी फोन चालू झाले, पण स्क्रीनवर फिरतं चक्र तसंच. फोनला आयपी पत्ता वाटायचं काम सांगलीचा सर्व्हर करत होता! फोन चालू असताना लाइन गेली तर पत्ता हातात असतो. बंद होऊन पुन्हा चालू झाला की पत्ता द्यायला कुणीच नाही. कंपनीच्या माणसानं चाचणी चालू फोनवर घेतली होती, म्हणून हे दिसलंच नव्हतं. एक्स्चेंजचा पत्ताही आकड्यांऐवजी नावानं भरलेला, आणि त्या नावाचा अर्थ सांगणारा सर्व्हरही सांगलीत. पत्ते वाटायचं काम शाखेच्या राऊटरकडे दिलं, गेटवेचा पत्ता आकड्यांत भरला.

तिसरीनं सगळ्यांत जास्त दमवलं. गेटवेवरून बाहेरचा एक फोन नीट व्हायचा, दुसऱ्याला लाइन व्यस्त. गेटवे बंद करून चालू केला की पुन्हा एकच फोन. समोरच्यानं फोन ठेवला तरी गेटवे लाइन सोडत नव्हता. मी लाइनवर साधा फोन जोडून कान लावून बसलो. समोरच्यानं ठेवल्यावर आपल्याकडे टूं... टूं... असा आवाज येतो: 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. गेटवेच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका होता. तिथला व्यस्त स्वर 480 आणि 620 हर्ट्झ मिसळून होतो, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. गेटवे त्या आवाजाची वाट बघत लाइन धरून बसायचा. मी आकडे बदलले, फोन केला, ठेवला. गेटवेवरचा हिरवा दिवा विझला. शिपाई मामा चहा घेऊन आले तेव्हा मी त्या विझलेल्या दिव्याकडेच बघत होतो.

वीज हा वेगळाच धडा. फोनला वीज नेटवर्कच्या वायरमधूनच मिळते, म्हणजे या वायरी जिथं जोडतात तो नेटवर्क स्विच गेला की सगळे फोन गेले. सहा फोन, स्विच, राऊटर, गेटवे आणि फायबरचा डबा मिळून साधारण 60 वॉट. शाखेच्या छोट्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी, कागदावर 84 वॉट-अवर. नवी असताना अर्धा-पाऊण तास निघेल. तासगावची उघडून पाहिली तर चारी बाजूंनी फुगलेली, बाहेर काढायला पेचकसानं उचकटावी लागली. मिनिटभरही टिकली नसती. आणि त्याच यूपीएसवर पासबुक प्रिंटरसुद्धा. शाखेत दिव्या-पंख्यांसाठी 150 अँपिअर-अवरचा इन्व्हर्टर होताच. फोनचा रॅक त्यावर घेतला. पण वीज जाताना इन्व्हर्टर बदलायला जो क्षण घेतो तेवढ्यात राऊटर रीस्टार्ट व्हायचा, म्हणून इन्व्हर्टर आणि रॅक यांच्यामध्ये छोटा यूपीएस ठेवला. त्यात नवी बॅटरी, आणि बसवल्याची तारीख मार्करनं तिच्यावरच लिहिली.

लँडलाइनचं आणखी एक. पूर्वी तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, घरची वीज गेली तरी फोन वाजायचा. आमचे लोक अजून तेच गृहीत धरून होते. पण दोन शाखांत तांब्याची लाइन काढून फायबरवर नंबर दिलेला. इंटरनेटची फायबरही त्याच खांबावरून आलेली. एक फांदी पडली की दोन्ही जाणार. त्या दोन शाखांत सिम कार्ड घालायचा गेटवे घेतला, अँटेना गच्चीवर नेली. सिम मुद्दाम वेगळ्या कंपनीचं.

मग नंबरांचं काम. शाखांचे लँडलाइन नंबर फॉरवर्डिंगमधून सोडवले. आता विट्याचा फोन आधी विट्यात वाजतो. कुणी उचलला नाही तर सांगलीला जातो. बाहेरच्या फोनसाठी आधी 0 लावायची सवय होती, पण 112, 101 आणि 108 हे तीन नंबर शून्याशिवाय थेट जातील अशी सोय केली. घाबरलेल्या माणसाला शून्य आठवत नाही. त्या सेवांना उगीच फोन जाऊ नये म्हणून चाचणीत कॉल बाहेर सोडला नाही, कोणत्या लाइनवर जातोय एवढंच लॉगमध्ये पाहिलं.

त्यानंतर प्रत्येक शाखेत खरी चाचणी घेतली. कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, गर्दीत. शाखाधिकाऱ्यांना विचारून राऊटरची केबल उपटायची आणि फोन बंद करून चालू करायचे. जतच्या शाखाधिकाऱ्यांनी आधी हात जोडले, "सर, सुट्टीच्या दिवशी बघूया की." मी त्यांना विट्याच्या आजींची गोष्ट सांगितली. त्यांनी स्वतः केबल ओढली. त्यातच कळलं की लाइन गेल्यावर तीन आकडी नंबरानं दुसरी शाखा लागत नाही, आणि ते कुणाला माहीतच नाही. मग प्रत्येक फोनखाली एक चिठ्ठी चिकटवली: 'स्क्रीनवर स्थानिक असं दिसलं तर पूर्ण नंबर फिरवा', आणि खाली सगळ्या शाखांचे पूर्ण नंबर, मोठ्या अक्षरात.

शेवटची डोकेदुखी परत येण्याची होती. लाइन येते-जाते अशी असली की फोन दर दोन मिनिटांनी सांगली आणि गेटवे यांच्यात उड्या मारायचे आणि मध्येच कुणाचा तरी कॉल हुकायचा. सांगली सलग दहा मिनिटं स्थिर दिसली तरच परत जा, असं बांधून दिलं.

जुलै 2021 मध्ये कृष्णा पुन्हा 50 फुटांच्या वर गेली. वीज बंद होणार असं कळल्यावर मी मुख्य कार्यालयातलं एक्स्चेंज स्वतःच्या हातानं बंद केलं, जिना उतरलो आणि विश्रामबागेकडे निघालो. वाटेत मोबाइल वाजला. एरवी कोणत्याही शाखेतून फोन आला तरी स्क्रीनवर सांगलीचा 0233 वाला नंबर दिसायचा. या वेळी जतचा कोड होता.

"सर, स्क्रीनवर स्थानिक आलंय," शाखाधिकारी म्हणाले. "मगाशी दोन फोन पण येऊन गेले. तुम्ही नीट पोचला का?"