मॉरिशसचा सेगा ऐकायचा तर रविवार मोकळा ठेवा

मॉरिशसला जाणारे बहुतेक जण सेगा, म्हणजे तिथलं लोकसंगीत आणि नाच, बघतातच. हॉटेलात जेवणाच्या वेळी, घेरदार रंगीत झगे, कीबोर्डची साथ आणि शेवटी पाहुण्यांना हात धरून नाचायला ओढणं. मजा येते, नाही असं नाही; पण तेवढ्यावर परतू नका. रविवारी दुपारी एखादा सार्वजनिक किनारा गाठा. फ्लिक आं फ्लाक किंवा मों श्वाझी चालेल, आम्ही ल मॉर्न निवडला.

सुरूच्या बनात कुटुंबंच्या कुटुंबं बिर्याणीची पातेली घेऊन बसलेली. एक काका सुकलेल्या काटक्यांचा जाळ करून रावान तापवत होते. रावान म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. आपल्याकडे हलगी शेकतात तशीच ती शेकायची, टिचकी मारून बघायची, पुन्हा जाळावर धरायची. घाई कुणालाच नव्हती. जोडीला मारावान: उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांची चपटी पेटी, आत बिया, हलवली की सरसर वाजते. तिसरा ट्रँगल. संपला वाद्यवृंद! ताल सहाच्या चालीचा, त्यामुळे दादरा ऐकलेल्या कानाला ओळखीचा वाटतो. पण जोर भलत्याच जागी पडतो आणि टाळी चुकते. नाचताना पाय वाळूवरून उचलायचे नाहीत, घासत सरकवायचे. हलते ती कंबर.

हे गाणं गुलामांचं. मागे दिसणारा ५५६ मीटरचा ल मॉर्न डोंगर म्हणजे पळून आलेल्या गुलामांची लपायची जागा. १८३५ साली १ फेब्रुवारीला मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. त्या दिवशी आजही देशाला सुट्टी असते. याच ल मॉर्नला १९६४ मध्ये झालेल्या सेगाच्या रात्रीत ती फ्रेर या गायकाला ‘सेगाचा राजा’ ठरवलं गेलं. जुन्या बाजाचा सेगा ऐकायचा असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा. मग गायक काया: सेगा आणि जमैकाचं रेगे संगीत एकत्र करून त्याने ‘सेगे’ रुजवला. १९९९ मध्ये तो पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली उसळल्या. टॅक्सीत त्याचं गाणं लागलं तर ड्रायव्हरला विचारा, रस्ता कमी पडेल.

राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट चुकवू नका, मात्र रविवारी तो बंद असतो. १८३४ पासून भारतातून आलेले करारावरचे मजूर इथेच उतरले. भोजपुरी घरांत लग्नाआधी बायका ‘गीत-गवाई’ गातात, ढोलक आणि लोटा-चमचा वाजवत. युनेस्कोने सेगाला २०१४ मध्ये आणि गीत-गवाईला २०१६ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. पण गीत-गवाई ही घरगुती गोष्ट आहे, तिकीट काढून बघायची नाही; ओळख निघाली आणि आमंत्रण आलं तर अजिबात नाही म्हणू नका. मराठी मंडळीही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घरात बोलतात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, आरती मात्र मराठीत. कोकणातली जाखडी इथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा जमलं तर त्याच सुमाराला जा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, ते टाळलेले बरे.

पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो झकास आहे. किनाऱ्यांकडे जाणाऱ्या बस मात्र अंधार पडला की विरळ होतात, आणि गाणं रंगतं नेमकं तेव्हाच. म्हणून परतीची टॅक्सी आधी ठरवा, भाडंही बसण्यापूर्वीच. पोटासाठी बाजारातली धोल पुरी, म्हणजे डाळ भरलेली पोळी. सोबतची मिरची जपून. किनाऱ्यावर रिकाम्या हाती जाऊ नका, थोडा खाऊ न्या, ‘की मान्येर?’ (कसं काय?) म्हणून विचारपूस करा आणि मोबाईल काढण्याआधी परवानगी घ्या. ही त्यांची घरची सहल असते, आपल्यासाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे.

रावान आणायची असेल तर दुकानात वाजवून बघा. शोभेच्या रावानांना आवाजच नसतो. कातड्याची घेतलीत तर मुंबईच्या पावसाळ्यात ती ढिली पडणार, तेव्हा कृत्रिम कातड्याची मिळते का तेही विचारा.