लांब टेबल आणि पानांची कटकट

खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्थांचे अहवाल बेळगावात टाईपसेटिंगला येतात, त्यात सभासदांची यादी म्हणजे मारुतीचं शेपूट. वर्डमध्ये लोकं एंटर मारमारून ओळी पुढच्या पानावर ढकलतात, मग मध्ये एक नाव वाढलं की सगळं घसरतंय. त्यापेक्षा टेबल प्रॉपर्टीजमध्ये रो टॅबला जावा, 'अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची टिक काढा, पत्ता अर्धा इकडं अर्धा तिकडं होत नाही. वरच्या मथळ्याच्या ओळीला 'रिपीट हेडर रोज' (Repeat Header Rows) लावा, ती दर पानावर वर येते. तरी हेडर येईना? मग टेक्स्ट रॅपिंग (टेबलाभोवती मजकूर वळवायची सेटिंग) 'अराउंड' असेल, ते 'नन' करा, नाहीतर कुणीतरी हातानं पेज ब्रेक घातला असेल, तो उडवा. आणि नाव मराठी-कन्नड दोन्हीत असलं (आमच्याकडं असतंयच) तर रो हाईट 'एक्झॅक्टली' (म्हणजे ओळीची उंची बांधलेली) ठेवू नका, खालची ओळ कापली जाते.